माईकवाल्याची पोरगी

कय्यूमभाईंचा धंदा आवाजाचा. भद्रावतीत बस स्टँडच्या मागे, बायकोच्या नावानं, ‘जैनब माईक सर्व्हिस’. दोन भोंगे, एक बॅटरी आणि एक माईक, ज्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपायचा नाही. गावात सिनेमा लागला, उरूस भरला, कुणाचं पोर हरवलं, की कय्यूमभाई सायकल रिक्षात बसायचे आणि एका दमात असे सुटायचे की बाया पोळ्या लाटता लाटता थांबायच्या. गावानं त्यांचं सगळं ऐकलं. विश्वास किती ठेवायचा, ते मात्र ज्याचं त्यानं ठरवलं. माईकवाला पैसे देणाऱ्याचं बोलतो, हे काय कुणाला शिकवावं लागतं?

त्यांची रुबीना त्याच रिक्षात वाढली. घरात हिंदी, गल्लीत झाडीपट्टीची मराठी, आणि बापाची ती न थांबता बोलायची सवय, तिन्ही तिच्या जिभेवर एकत्र नांदायच्या. सत्त्याण्णव साली टीव्हीवर भराभरा बोलून गाणं म्हणायचं खूळ आलं. सगळी पोरं उलट्या टोप्या घालून मुंबईची नक्कल करू लागली. रुबीनानं टोपी घातली नाही. कोळसा खाणीच्या कॉलनीत गणपतीचा कार्यक्रम होता, तिथे ही सलवार-कुर्त्यात स्टेजवर चढली, बापाचा माईक घेतला आणि सुरू झाली:

‘काळी धूळ उडते, भाकरीवर पडते,
माय माही झटकते अन् मलेच वरडते!
काऊन पुसतं नाव-गाव, कोनाची मी पोर?
भोंगेवाल्या कय्यूमची, आवाजाचा जोर!’

बाप्पा! कॉलनी नुसती उसळली. खाणीतली माणसं खुर्च्यांवर उभी राहून ओरडत होती, ‘वन्स मोर!’ आपली बोली कुणी अशी छाती काढून माईकवर बोलतं, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं होतं. नागपूरच्या एका कॅसेटवाल्यानं ते गाणं रेकॉर्ड केलं. कोरपन्याच्या काळीपिवळी जीपमध्ये, चंद्रपूरच्या पानठेल्यावर, जिकडेतिकडे रुबीना. कय्यूमभाई दुसऱ्याच्या दुकानासमोर उभे राहून आपल्याच पोरीचा आवाज ऐकत आणि उगाच सुपारी विकत घेत.

मग मुंबई. कॅसेटवरचा फोटो पाहून मालिकावाल्यांनी बोलावलं. मोठ्या घरातली खाष्ट थोरली सून, नाव शर्वरीबाई. चेहरा अगदी तसाच पाहिजे होता.

दोन हजार एकच्या जूनमध्ये पहिला भाग लागला. अर्धी गल्ली कय्यूमभाईंच्या घरात कोंबलेली. पडद्यावर नऊवारी शालू, नथ, आणि रुबीना. तिनं तोंड उघडलं. ‘या उंबरठ्याच्या आत माझाच शब्द चालतो, हे विसरू नका!’

लोकांनी टाळ्या पिटल्या. कय्यूमभाईंनी मात्र टीव्हीला कान लावला. ओठ पोरीचे होते, आवाज दुसऱ्याच बाईचा. तीस वर्षं माईक हाताळलेल्या माणसाला काय ते कळणार नाही?

दुसऱ्या दिवशी एसटीडीवरून फोन लावला. ‘बेटा, आवाज कोनाचा हाय थो?’

 रुबीना म्हणाली, ‘दादरची एक बाई हाय, अब्बा. साहेब म्हंतेत, चेहरा राजवाड्याचा अन् जीभ खाणीतली. सुरवातीले असंच करून राह्यले. पुढं देतीन माहाच.’

दिला नाही. तीन वर्षं मालिका चालली. महाराष्ट्रभर शर्वरीबाई गाजली, आणि रुबीना कॅमेऱ्यासमोर नुसते ओठ हलवत राहिली. कॉलनीतल्या बाया जैनबला थांबवून म्हणत, ‘किती शुद्ध बोलते वो तुमची रुबीना!’ जैनब मान डोलवायची आणि घरी येऊन भांडी आदळायची. मालिका संपली तसं काम संपलं. दुसरीकडे गेली की विचारत, स्वतःच्या आवाजात बोलून दाखवा. ही बोलायची. ते हसायचे.

दोन हजार चारच्या दिवाळीनंतर गुणवंतराव आले. वडशाच्या एका नाटक कंपनीचे मालक. धान कापून झाला की त्या मुलखात गावोगाव नाटकं लागतात. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री नाटक. पोस्टरवर टीव्हीतला एखादा चेहरा नसला तर तिकीट कुणी काढत नाही. खरा चेहरा परवडला नाही की कंपन्या त्याच्यासारखी दिसणारी बाई आणून उभी करतात. लोक त्याला डुप्लिकेट म्हणतात, आणि सापडली तर मांडव मोडतात.

‘चाळीस प्रयोग,’ गुणवंतराव म्हणाले. ‘बाई तयार हायेत का?’

रुबीनानं एकच अट घातली. दुसऱ्या अंकात तिचं स्वतःचं गाणं पाहिजे, स्वतःच्या आवाजात. पैशाचं तिनं विचारलंसुद्धा नाही. ‘अब्बा,’ ती रात्री जेवताना म्हणाली, ‘मुंबईवाले नाई ऐकत तं नको ऐकू. माही लोकं तं ऐकतीन ना? एकदा त्याईले कळू दे, शर्वरी मी होतो, अन् बोलतो अशी.’ आणि पहिल्या प्रयोगाची भोंग्यावरची पुकार बापानंच करायची, हेही तिनंच ठरवलं. कय्यूमभाईंना इतका आनंद झाला की त्यांनी भोंग्यांना नवा रंग दिला.

आता इथे त्या माणसाची चूक सांगायलाच पाहिजे. दोन वर्षांपूर्वी ह्याच मुलखात, ह्याच कय्यूमभाईंनी, एका कंपनीसाठी जीपमधून पुकार केली होती. ‘खुद्द टीव्ही स्टार, स्वतः हजर!’ ती बाई डुप्लिकेट होती. त्यांना माहीत होतं. रोजंदारी घेतली, बोलले, घरी आले. लोकांनी मांडव जाळला, तेव्हा हे भद्रावतीत चहा पीत होते. त्यांच्या मनातून ते केव्हाच पुसलं गेलं होतं. लोकांच्या मनातून कसं जाणार?

शंकरपटाच्या मैदानावर दुपारी तीनला जीप आली. उघड्या जीपमध्ये पुढे पुकार करणारे कय्यूमभाई, मागे रुबीना उभी, शर्वरीबाईचाच शालू, तीच नथ. हजार-दीड हजार माणूस बैल सोडून इकडे धावला.

‘बोला ना बाई! कायतरी बोला!’

रुबीनाचे डोळे भरून आले. सात वर्षांनी तिच्या हातात बापाचा माईक होता. तिनं दम घेतला आणि सुरू केलं, ‘काळी धूळ उडते, भाकरीवर पडते...’

दोन ओळी झाल्या. तिची कॅसेट ह्या मुलखात कधी पोचलीच नव्हती. मग मागून कुणीतरी ओरडलं, ‘अबे, हे तं आपल्यावानी बोलते! डुप्लिकेट हाय, डुप्लिकेट!’

झालं. ‘शर्वरीबाई अशी बोलते का बे?’ ‘कुठून पकडून आनली हिले?’ शिट्ट्या, शिव्या, मग मातीची ढेकळं. एक ढेकूळ रुबीनाच्या खांद्यावर फुटलं. ती तरी पुढची ओळ म्हणतच होती.

कय्यूमभाईंनी माईक हिसकावला. ‘अरे थांबा! माही पोरगी हाय हे! माह्या पोटची! थेच शर्वरी हाय, अल्लाची कसम!’

डोमा नावाचा एक बैलवाला जीपच्या बॉनेटसमोर येऊन हसायला लागला. ‘कय्यूमभाऊ, दोन सालाआधीबी तुमीच आनली होती ना खरी टीव्ही स्टार? आता तं पोरगीच म्हनून राह्यले! उद्या बायको म्हनसान!’

मैदान खदखदून हसलं.  इतक्या वर्षांत पहिल्यांदा कय्यूमभाई माईकवर स्वतःचं, खरं बोलले होते, मनापासून, आणि हसं झालं.

ढेकळं पुन्हा सुरू झाली. गुणवंतराव खालून शालू ओढत म्हणत होते, ‘बाई, थे मालिकेतलं बोला! मांडव जाळतीन लोकं! माह्या पोटावर पाय नका देऊ!’ एक ढेकूळ कय्यूमभाईंच्या कपाळावर बसलं. रक्त आलं.

ते पाहिलं आणि रुबीनानं माईक घेतला. पाठ ताठ केली. तीन वर्षं ज्या बाईच्या आवाजावर तिनं ओठ हलवले होते, त्या बाईचा प्रत्येक चढउतार तिला पाठ होता. नाकातून, थंडपणे, एकेक अक्षर तोडत ती म्हणाली, ‘या उंबरठ्याच्या आत माझाच शब्द चालतो, हे विसरू नका.’

 अशी टाळी पडली की बैल बिथरले. ‘थेच हाय! खरी हाय बे!’ बाया पुढे येऊन तिच्या पायांना हात लावायला लागल्या. डोमानं टोपी काढली. पण त्याचं समाधान व्हायचं होतं. त्यानं विचारलं, ‘मंग बाई, हे माईकवाले तुमचे वडील हायेत, हे खरं हाय का?’

रुबीनानं बापाकडे पाहिलं. कपाळावरचं रक्त भुवईपर्यंत आलेलं. ‘हो’ म्हटलं की पुन्हा डुप्लिकेट, पुन्हा ढेकळं, चाळीस प्रयोग पाण्यात. ‘नाही’ म्हणायला तिची जीभ वळेना. सगळं मैदान तिच्या तोंडाकडे बघत होतं.

कय्यूमभाईंनी अलगद तिच्या हातातून माईक काढून घेतला. गळा साफ केला. आणि त्यांचा तो जुना, गल्लीगल्लीत घुमणारा, बाया थांबवणारा आवाज भोंग्यातून सुटला:

‘बंधू आणि भगिनींनो! आत्ताच मी जे बोललो, थे गंमत होती, गंमत! माफी असावी! खुद्द पुण्याच्या, नामवंत वकिलाच्या कन्या, आपल्या लाडक्या शर्वरीबाई, या मुलखात प्रथमच! यांचा आमचा काही संबंध नाई, आम्ही साधे माईकवाले!’

हे मात्र सगळ्यांनी लगेच मानलं. कुणी शंका घेतली नाही.

माईक परत तिच्या हाती देताना कय्यूमभाईंनी मान वर केली नाही. दीड हजार माणसं बघत होती. रुबीनानं माईक तोंडाजवळ नेला आणि त्याच दादरच्या आवाजात, स्वच्छ, म्हणाली, ‘धन्यवाद, काका.’