वाळूची टाकी

क्लेमने बाही कोपरापर्यंत सारली, अंगणातल्या पोहण्याच्या तलावाच्या काठावर गुडघे टेकले आणि पाण्यातल्या पहिल्या पायरीवरून तळहात फिरवला. मग हात वर काढून त्याने बोटं एकमेकांवर चोळली.

"वाळू," तो म्हणाला.

ब्रॉन चहाचे दोन कप घेऊन मागे उभी होती. "वाऱ्याने आली असेल. काल दुपारभर समुद्रावरून वारं सुटलं होतं."

"ही समुद्राची नाही. फिल्टरच्या टाकीतली आहे." तो एक हात काठावर रोवून उठला. "टाकीच्या तळाशी चाळणीच्या नळ्या असतात. त्यातली एखादी मोडली, की पाणी गाळणारी वाळूच पाण्यात येते."

"मग नळी बदलता येईल ना?"

क्लेम भिंतीलगतच्या टाकीपाशी गेला. पंप घरघरत होता. टाकीच्या गळ्याशी, झडपेच्या दांड्याच्या खाली, केसाएवढी चीर गेली होती आणि तिच्यातून पाण्याचे थेंब टिपकत होते. त्याने चिरेवर अंगठा दाबून धरला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि मग काढला.

"टाकीच गेली गं. नवा फिल्टर घ्यावा लागेल."

ब्रॉनने कप त्याच्या हातात दिला. काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं होतं, पण ती जांभळ्या फुलांकडे बघत राहिली. अंगणातल्या जॅकरांडाच्या झाडाचा बहर चालू होता आणि पाण्यावर फुलांचा थर तरंगत होता.

ब्रॉन क्लेमची सून. त्याचा मुलगा डॅरन उत्तरेकडच्या खाणीवरून गाडीने घरी परतताना अपघातात गेला, त्याला चार वर्षं झाली होती. दफनविधीनंतर क्लेम उसनी नेलेली शिडी परत करायला या घरी आला, तेव्हा तलावाचं पाणी गर्द हिरवं झालेलं होतं आणि कडेला बेडूक बसले होते. शिडी टेकवून त्याने काही न विचारता पंप उघडला. तेव्हापासून तो दर शनिवारी सकाळी येत होता. फिल्टरचा दांडा फिरवून वाळू धुवायला उलटं पाणी सोडायचं, काचेच्या फुग्यातलं तपकिरी पाणी नितळ होईपर्यंत उभं राहायचं, पानं अडवणारी टोपली रिकामी करायची, पाण्याची आम्लता तपासायची. मग चहा. बोलणं व्हायचं ते पाण्याबद्दल. डॅरनचं नाव दोघंही काढत नसत.

क्लेमची बायको जॉय या घरी पुन्हा आलीच नव्हती. एकदा तो निघताना ती ओट्याकडे तोंड करूनच म्हणाली होती, "डॅरन त्या टाकीत नाहीये, क्लेम." तरी तो गेला होता.

तलावाच्या सामानाचं दुकान वूला चालवायची. पर्थच्या त्या सगळ्या वस्तीतले तलाव तिला त्यांच्या मालकांपेक्षा जास्त ठाऊक होते.

"या! काय मोडून आणलंत?" हातातल्या बांगड्या खळखळवत तिने विचारलं.

क्लेमने टाकीची हकीकत सांगितली. वूलाने दोघांना मागच्या भिंतीशी नेलं. तिथे दोन टाक्या शेजारी शेजारी उभ्या होत्या.

"ही वाळूची, तुमच्या जुन्या टाकीसारखीच. दणकट आहे, पानाफुलांना दाद देत नाही. पण दर आठवड्याला उलटं पाणी सोडायला माणूस हवा, आणि ते सगळं पाणी वाया. ही दुसरी कापडाची. आत चुण्या घातलेल्या कापडाचा जाड नळा असतो. वर्षातून चार-पाचदा बाहेर काढायचा, बागेतल्या पाइपने धुवायचा, परत बसवायचा. संपलं. सांभाळणार कोण आहे?"

"मी," क्लेम म्हणाला.

"हेच," ब्रॉन त्याच क्षणी म्हणाली.

"एवढं एकमत माझ्या लग्नात असतं तर!" वूला हसली.

"आम्हाला वाळूचीच द्या," ब्रॉन म्हणाली.

क्लेम कापडाच्या टाकीसमोर वाकून उभा राहिला होता. झाकणाभोवती धातूचा पट्टा होता आणि तो आवळणारी एक मूठ होती. त्याने ब्रॉनला खूण केली. "उघडून बघ."

तिने मूठ धरली, चेहरा आवळला, खांदे उचलले. "नाही हो, फारच घट्ट आहे. माझ्याच्याने नाही व्हायचं."

ब्रॉन जनावरांच्या दवाखान्यात नर्स होती. लंगडणारा, वासराएवढा कुत्रा एकटीने उचलून गाडीत ठेवताना क्लेमने तिला पाहिलेलं होतं. त्याने दोन बोटांनी मूठ फिरवली. पट्टा सैल झाला. वूला एकाएकी शेजारच्या फळीवरच्या बाटल्या सरळ करायला लागली.

"जरा बाहेर ये," क्लेम म्हणाला.

दुकानाबाहेर फुटबॉल क्लबची मंडळी सॉसेज भाजत होती. क्लेमने पावात गुंडाळलेले दोन घेतले आणि गाडीचं मागचं फळकं पाडून दोघं त्यावर बसली. कांदा पावातून ओघळत होता.

"तो रोज पोहायला येतो का?" क्लेमने विचारलं.

ब्रॉनचा घास थांबला. "कोण?"

"टोपलीत कानातला बोळा सापडला. मेणाचा. मग थोड्या दिवसांनी आणखी एक. केस खराब होतात म्हणून तू डोकं पाण्यात घालत नाहीस. कानात बोळे घालणारा माणूस जोर लावून पोहतो."

तिने पाव कागदात गुंडाळून बाजूला ठेवला.

"एड्रियन त्याचं नाव," ती म्हणाली. "शाळेत शिकवतो. तुम्हाला सांगायचं दर शनिवारी ठरवायचे मी. मग तुम्ही येऊन दांडा फिरवायला लागायचात, आणि माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही." ती थांबली. "शनिवारी सकाळी मी त्याला घालवून देते. बिचारा केस ओलेच ठेवून निघतो."

क्लेमने हळूहळू मान डोलावली. हे त्याच्या लक्षात आलेलं नव्हतं.

"बोळ्यांचं काय केलंत?"

"फेकून दिले. दुसऱ्याच्या कानातले बोळे कोण जपून ठेवतं?"

ब्रॉन हसली आणि हसता हसताच मनगटाने डोळे पुसले. "कांदा," ती म्हणाली.

"वासराएवढा कुत्रा उचलतेस आणि म्हणे मूठ फिरत नाही."

"मग शनिवारी काय करणार तुम्ही?"

"झोपेन," क्लेम म्हणाला. त्याने कागदाचा बोळा केला आणि फळक्यावरून खाली उतरला. "चल. कापडाची टाकी घेऊ."

दुसऱ्या दिवशी त्याने जुनी टाकी सोडवली. आतली वाळू लिंबाच्या झाडाखाली ओतायचं ठरलं. ओल्या वाळूची ढेकळं झाली होती, फावड्याने खरवडून काढावी लागत होती. ब्रॉन बादल्या वाहत होती. अर्धी टाकी रिकामी झाली तेव्हा ती झाडाखाली थांबली.

"ही डॅरनने भरली होती," ती म्हणाली.

क्लेमचं फावडं टाकीतच राहिलं.

"अर्धीच," तो म्हणाला. "उरलेली मी भरली. तो बिअर आणायला म्हणून जो पळाला, तो जेवायलाच उगवला."

"आणि मला सांगितलं, सगळी मी एकट्याने भरली!"

"तुला तसंच सांगणार. लहानपणीही ताटातल्या भाज्या कुत्र्याला घालून ताट दाखवायला यायचा."

ती रिकामी बादली उलटी करून तिच्यावर बसली. तोही टाकीला टेकून बसला. वाळू काढायची राहिली ती राहिलीच. लहानपणी डॅरन पाण्याची बंदूक घेऊन पोस्टमनच्या मागे कसा लागला होता, हे क्लेमने सांगितलं. लग्नाच्या वाढदिवशी त्याने आणलेला केक गाडीच्या टपावर ठेवून गाडी कशी सुरू केली, हे तिने सांगितलं. दुपारचं वारं सुटलं आणि जॅकरांडाची फुलं दोघांच्या अंगावर पडायला लागली, तेव्हा कुठे क्लेमने पुन्हा फावडं उचललं.

नवी टाकी बसल्यावर त्याने झाकण तिला स्वतः उघडायला लावलं. "आधी वरून हवा सोड. आत दाब असताना पट्ट्याला हात लावायचा नाही, झाकण उडेल. हां. आता दाबमापकाची सुई कुठे आहे ते बघून ठेव. ती बरीच वर चढली की समजायचं, कापड धुवायला झालं. पाण्याची धार तिरकी धरायची, एकेक चुणी वरून खाली." ब्रॉनने सगळं केलं. त्याने पुन्हा करायला लावलं. मूठ तिच्या हातात सहज फिरत होती.

पुढच्या शनिवारी क्लेम नेहमीच्या वेळी उठला. फाटकाच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. आधीच स्वच्छ असलेली गाडी धुतली. गाडी पुसून झाल्यावर पुन्हा धुवायला घेतली, तेव्हा जॉय शब्दकोडं हातात घेऊन ओसरीत आली. एड्रियनबद्दल त्याने तिला आठवड्यापूर्वीच सांगितलं होतं. तेव्हा ती सोलायला घेतलेले बटाटे गरजेपेक्षा दुप्पट सोलून बसली होती.

"तिच्या घराचा पत्ता विसरलास का?"

"आता तिथे काही काम नाही."

"म्हणजे इतके दिवस कामाला जात होतास?"

क्लेमने पाइपची तोटी बंद केली. जॉय आत गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा तिने केस विंचरले होते, बाहेर जायच्या चपला घातल्या होत्या आणि हातात केकचा डबा होता.

"बघतोस काय?" ती म्हणाली. "शर्ट बदल, ओला आहे तो."

ब्रॉनच्या गल्लीत वळताना तिने डबा मांडीवर घट्ट धरला. गाडी थांबली तरी ती लगेच उतरली नाही, आणि क्लेमनेही घाई केली नाही.

इतकी वर्षं तो बाजूच्या फाटकाने थेट मागच्या अंगणात जात असे. आज तो जॉयसोबत समोरच्या तीन पायऱ्या चढला. घंटीचं बटण नेमकं कुठे आहे हे त्याला शोधावं लागलं.

ब्रॉनने दार उघडलं. आधी क्लेम दिसला, मग जॉय. तिचा हात दाराच्या कडीवरच राहिला.

"बाजूचं फाटक उघडंच होतं की," ती कशीबशी म्हणाली.

"माहीत आहे," क्लेम म्हणाला.

जॉयने डबा पुढे केला. "केक मधोमध जरा खचलाय."

ब्रॉनने डबा घेतला, पण जॉयचे हात सोडले नाहीत. आत कुठेतरी नळ बंद झाल्याचा आवाज आला आणि मागोमाग एका पुरुषाने विचारलं, "कोण आलंय गं?"

तिने मान वळवली.

"घरचेच आहेत," ती म्हणाली.