उन्हात विटलेली मागणी

मापाटिझ्याच्या टेकड्यांत जांभळे खडे खणणाऱ्या हाबीन्झूला लग्न करायचं होतं. अडचण एवढीच, की जिच्याशी करायचं होतं तिला ते खरं वाटण्याची काही सोय नव्हती.

तो हत्तीच्या कुळातला, ती तरसाच्या. या दोन कुळांनी एकमेकांची थट्टा करायची आणि कोणी रागवायचं नाही, हा तिथल्या टोंगा लोकांचा रिवाज. मयताला जमले तरी सुटका नाही. त्यामुळे हाबीन्झू तिला वर्षानुवर्षं चारचौघांत "बायको" म्हणत आला होता आणि ती त्याला "फुकट्या". त्याची बायको गेली, पुढे तिचा नवरा गेला, तेव्हाही दोघांनी एकमेकांच्या दारात हेच केलं आणि रडणाऱ्यांना हसवलं. मग कधीतरी हाबीन्झूच्या मनात ते खरं झालं. पण तोवर शब्द वापरून पार गुळगुळीत झालेला.

आता ती, लुयान्डोची आई (वस्ती तिला मुलीच्याच नावाने ओळखायची) शनिवारच्या बसने चोमाला जाणार होती. भावाकडे, कायमची.

हाबीन्झूने शब्दांवरचा भरवसा काढून खड्यावर ठेवला. पिकल्या जांभळासारखा एक खडा त्याने पूर्वीच बाजूला काढला होता. रोज सकाळी बघून धीर गोळा करावा म्हणून खिडकीत ठेवलेला. धीर गोळा व्हायला अख्खा उन्हाळा लागला.

शुक्रवारी तो खाणीच्या तोंडाशी गेला. तिथे बायका हातोडीने खड्यांचा फिकट भाग उडवत बसल्या होत्या. त्याने फडक्यात गुंडाळलेला खडा लुयान्डोच्या आईपुढे धरला.

"काय आहे? मागच्या पुडीत बेडूक होता."

"खडा आहे. ठेव. चोमाला जाऊ नकोस, माझ्याशी लग्न कर."

"पुन्हा? सकाळी विहिरीवर झालं की आपलं."

"ही थट्टा नाही."

"हे छान म्हणालास! आणि तोंड बघा, बैल हरवल्यासारखं."

बायका खिदळल्या. हाबीन्झूने उसनं अवसान आणलं. "हा जवळ असला की दारू चढत नाही. लुसाकाचा व्यापारी सांगत होता."

"माहीत आहे. मडक्यात टाकून प्यायला होतास ना? शेळ्यांच्या गोठ्यात सापडलास. शुद्धीत होत्या त्या शेळ्या."

तिने फडकं सोडलं, खडा उजेडात धरला.

"हाबीन्झू, हा ठेवला होतास कुठे?"

"खिडकीत. रोज बघायला."

"उन्हात? अरे हत्तीच्या! जन्म गेला खणण्यात आणि ऊन यांचा रंग खातं हे कळलं नाही? कांदा धुतलेलं पाणी झालंय हे. म्हातारा झालाय बिचारा, अगदी मालकावर गेलाय."

आता पाळी त्याची. तरसांवर त्याच्याकडे माल कमी नव्हता. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. रोज बघत होता, म्हणूनच त्याला रंग उतरताना दिसला नव्हता.

एकेक हातोडी थांबली. हत्तीने तरसाला उत्तर दिलं नाही, असं त्या टेकडीवर कोणी पाहिलं नव्हतं.

"बोल की," ती म्हणाली. "माझ्या दातांवर बोल. नेहमी बोलतोस."

हाबीन्झूने मान हलवली. "दात चांगले आहेत," तो म्हणाला.

तिने खडा लुगड्याच्या टोकाने पुसला, आतल्या घडीत ठेवला आणि गाठ मारली.

"गेलेला रंग परत येत नाही."

"काहीच उपाय नाही?"

"आहे तेवढा टिकवायचा. कोमट पाण्याने धुवायचा, मऊ फडक्याने पुसायचा, काळोखात ठेवायचा. आणि बघायचा हावरटपणा नको." हातोडी उचलत ती म्हणाली, "भावाकडे माणूस पाठव, लग्नासाठी द्यायच्या गुरांचं बोलायला. तरसांशी थट्टा चालते अशा कुळातला मात्र नको. हसून हसून मरेल माझा भाऊ, आणि गुरं राहतील बाजूला."

हाबीन्झूने संध्याकाळपर्यंत वस्ती पालथी घातली. जो तो तरसांचा थट्टेकरी निघाला. शेवटी मिळाला शाळेचा हेडमास्तर. परमुलखातून बदलून आलेला, आणि त्याची थट्टा करावी असं अजून कोणाला सुचलंच नव्हतं.

शनिवारी बस सुटली तेव्हा लुयान्डोच्या आईच्या जागेवर हेडमास्तर बसला होता, अत्यंत गंभीर.