हीटरची गार हवा

२०१८ सालचा मे महिना. धुळ्याच्या दवाखान्यात आमची मोठी बहीण इंदिराअक्का शेवटाला लागली होती. सकाळीच तिच्या मुलाचा, हिलालचा फोन आला. "शेवंतामावशी, मामांना घेऊन निघा. आई एकच विचारतेय, सुकदेव आला का?"

सुकदेव म्हणजे आमचा नाना. आई गेली तेव्हा तो तान्हा होता, अक्का दहा वर्षांची. त्याला कडेवर घेऊन ती शाळेत जायची. मास्तर रागावले तेव्हा तिने शाळाच सोडली.

आम्ही एरंडोलला. नानाच्या मांडीचं हाड मोडलेलं, पाय पसरूनच बसावं लागे, म्हणजे एसटी नाहीच. घरची जुनी गाडी होती, पण तिचा रेडिएटर ठिबकत होता. अमीन मिस्त्रीने वाकून पाहिलं.

"डाग देऊन झाळायला संध्याकाळ होईल, नाना. थांबणं होत नसेल तर चिमूटभर हळद टाका पाण्यात, फट बुजते. पोचलात तर पोचलात."

नानाने घरातून डबा आणवला आणि दोन मुठी ओतायला लावल्या.

"इतली हळद कसाले?" नानाची बायको, प्रमिलावहिनी म्हणाली. "वरण करनं शे का?"

"माले शिकाडू नको. बठ्ठी जिंदगी ट्रॅक्टर चालाडेल शे मी."

गळती थांबली. नानाचा मुलगा ललित गाडी चालवत होता. पारोळ्याच्या पुढे इंजिनाच्या उष्णतेचा काटा लाल रेघेकडे सरकला, तेव्हा त्याने काचा उतरवायला लावल्या आणि हीटर सुरू केला.

"येडा व्हयना का रे? मे महिनामा हीटर?" नाना ओरडला.

"इंजिनाची उष्णता आत ओढून घेतो, आबा. काटा उतरेल."

खरंच उतरला. आत भट्टी झाली, आमचे ओठ सुकले, पण नाना खुशीत होता. "अक्काले सांगसू, तुन्हा भाऊ भाजीसन उना!"

फागण्याच्या अलीकडे हीटरची हवा एकाएकी निवली. वहिनीने तोंडावरचा पदर काढला. "गार हवा उनी व माय!" मीही हात पुढे धरला. ललितचा चेहरा मात्र उतरला.

"हीटरमध्ये पाणीच येत नाहीये. हळदीने नळ्या तुंबल्या."

त्याने गाडी कडेला घेईपर्यंत बॉनेटमधून वाफ उसळली, आत काहीतरी घासल्यासारखं वाजलं आणि इंजिन बंद पडलं ते पडलंच.

लग्नसराई होती. जीपगाड्या भरून जात होत्या. एकदोन थांबल्या, नानाचा पाय बघून पुढे गेल्या.

"शेवंताताई, तू जाय बसमा," नाना म्हणाला.

मी गेले नाही. अक्का माझी वाट बघत नव्हती.

लिंबाखाली बसलो असताना फोन वाजला. "मावशी," हिलाल म्हणाला, "आता घाई करू नका."

दुपारी एका टेम्पोवाल्याने नानाला मागे आडवं घातलं. आम्ही पोचलो तेव्हा अक्काला घरी आणून अंगणात ठेवलं होतं. नानाला खाली बसता येईना, म्हणून त्याला उभ्यानेच धरून ठेवलं.

ललितने गाडी भंगारात दिली आणि नाशिकला नोकरी धरली. सणाला फोन करतो. अमीनने दुकान मुलाकडे सोपवलं. हिलालने मामाला कधी दोष दिला नाही, पण एरंडोलला येणंही सोडलं. नानाचं हाड जुळलं, तो काठी टेकत चालू लागला, पण धुळ्याच्या रस्त्याला पुन्हा लागला नाही. २०२१ मध्ये तो गेला. आता घरात वहिनी आणि मी. तिला कमी दिसतं, मला कमी ऐकू येतं. दुपारी आम्ही दार लोटून पडून राहतो.