न तपासलेली डिस्क

आमच्या दुकानात जुन्या व्हिडिओ कॅसेट डिस्कवर उतरवून मिळतात. दुकान दोघा भावांचं. थोरले म्हणजे आमचे हे, बोलण्यात पटाईत. धाकटे भावजी कामात पटाईत. गिऱ्हाइकाला मात्र वाटतं की सगळं हेच करतात.

भावजींची कोऱ्या डिस्क घ्यायची एक पद्धत आहे. एकाच कंपनीच्या घ्यायच्या, नव्या खोक्यातली पहिली आधी बर्न करून बघायची, स्पीड कमी ठेवायचा. बर्न झालेली डिस्क दुसऱ्या प्लेअरवर शेवटपर्यंत चालली, तरच कॉम्प्युटरवरची फाइल पुसायची. हे चिडवायचे, "अरे, डिस्क करतोयस की मुलीला स्थळ बघतोयस?" मीही हसायचे. हसायला काय जातं!

आत्याबाई म्हणजे ह्यांच्या आत्या. सासूबाई लवकर गेल्या, तेव्हा ह्यांना त्यांनीच वाढवलं. आतोबा जाऊन वर्ष होत आलं. कॅमेरा दिसला की ते उठून जायचे. त्यांचा बोलताना, गाताना असा एकच व्हिडिओ होता, तोही एका जुनाट कॅसेटवर. भावजींनी तो जिवाच्या कराराने कॉम्प्युटरवर घेतला. घेऊन होतंय तोच फीत तुटली आणि मशीनमध्ये तिचा चोळामोळा झाला. म्हणजे आता जे होतं ते त्या फाइलमध्येच.

दुसऱ्या दिवशी भावजी तापाने घरी पडले. ह्यांनी बाजारातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या, नाव ना गाव अशा डिस्क आणल्या होत्या. त्यातलीच एक घातली, स्पीड सगळ्यात जास्त ठेवला. पहिली अर्ध्यात फसली. दुसरीही फसली. तिसरी ट्रेमधून बाहेर आली तेव्हा हे म्हणाले, "बघ, झाली की!" आणि पुढच्या कामाला जागा हवी म्हणून फाइल पुसून टाकली. मी काउंटरवरच होते. 'अहो, आधी चालवून तरी बघा,' हे अगदी ओठांवर आलं होतं. पण गिऱ्हाईक उभं होतं, आणि चारचौघांत ह्यांना टोकलेलं खपत नाही. मी गप्प बसले.

रविवारी आत्याबाईंकडे सगळे जमलो. त्यांनी इस्त्रीचं पातळ नेसलं होतं, खुर्ची टीव्हीजवळ ओढून घेतली होती. पडद्यावर आतोबा दिसले. "अगं, बंद कर ते," असं म्हणत हसले, मग खाकरले आणि गाण्यासाठी तोंड उघडलं. तिथेच चित्राचे चौकोन चौकोन झाले. भावजींनी डिस्क फडक्याने पुसली, पुन्हा लावली, आपल्या लॅपटॉपवर घालून पाहिली. प्रत्येक वेळी आतोबा खाकरायचे आणि थांबायचे.

"दुसरी करून देशील ना?" आत्याबाईंनी ह्यांना विचारलं.

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. भावजी काय ते समजले. त्यांनी एकदा ह्यांच्याकडे पाहिलं, एकदा आत्याबाईंकडे.

"आत्या, आता नाही होणार," ते म्हणाले. "मूळ फाइल पुसली गेली. चूक माझी. डिस्क तपासायला हवी होती, मी तपासली नाही."

शरमेने माझे कान तापले. ज्या माणसाने आयुष्यात एक डिस्क न तपासता दिली नाही, तो हे म्हणत होता. आता हे बोलतील, आता बोलतील, म्हणून मी वाट पाहिली. हे शर्टाच्या बटणाशी चाळा करत बसले होते.

आत्याबाईंनी उठून टीव्ही बंद केला. मग भावजींच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "जाऊ दे. मुद्दाम का कोणी करतं?" आणि ह्यांच्याकडे वळल्या. "तू मोठा आहेस ना? याच्या कामावर जरा लक्ष ठेवत जा, बाबा."

"हो आत्या," हे म्हणाले. "ठेवतो."

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. हा खरंच लक्ष ठेवेल ना, असं विचारल्यासारखं. आणि मी मान डोलावली.