पहिला शॉट धरून

"बाबा, जेवण झालं की एकदा बंदूक बघाल का?"

सुनेनं हे विचारलं आणि मिस्त्रींचा घास हातातच राहिला. रेंजवर सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत. बावीस वर्षं एअर रायफली उघडण्यात, पुसण्यात आणि जोडण्यात गेली होती. त्यांनी एकदा ‘ठणठणीत’ म्हटलं की त्या बंदुकीबद्दल पुन्हा तोंड उघडायची कुणाची टाप नव्हती. आणि इथे घरचीच सून, भर कॅन्टीनमध्ये, तीन महिन्यांत तिसऱ्यांदा तेच विचारत होती.

"दोनदा बघितली की. बंदुकीला काही झालेलं नाही."

"आज सकाळीही पहिला शॉट वर गेला. नऊ पॉइंट सात. पुढचा एकही दहाच्या खाली नाही."

"पहिल्या शॉटला छाती धडधडतेच माणसाची. तुझी एकटीची नाही, सगळ्यांची."

"धडधडली तर शॉट कुठेही जाईल ना, बाबा? डावीकडे जाईल, खाली जाईल. माझा दर वेळी बाराच्या काट्यावरच कसा जातो?"

मिस्त्रींना राग आला. "आण इकडे," म्हणत ताट अर्धं टाकून ते उठले.

तीन वाजता अंतिम फेरी होती. आठ जणी, दहा शॉट, प्रत्येक शॉट हुकमावर. पहिल्या दोघी संघात जाणार, बाकीच्या सहा जणींनी घरी जायचं. गेल्या दोन निवड चाचण्यांत ती तिसरी आली होती, दोन्ही वेळा अर्ध्याहून कमी गुणानं, दोन्ही वेळा पहिल्या शॉटमुळे. वय एकतीस, बाळ चौदा महिन्यांचं, आणि कोच बाईंनी स्पष्टच सांगितलं होतं की ही चाचणी शेवटची. बाळंतपणानंतर मन हळवं होतं, असंही त्या म्हणाल्या होत्या. तेव्हा शेजारी उभ्या मिस्त्रींनी मान डोलावली होती. ती डोलावताना सुनेनं पाहिली होती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

बंदूक मूळची मिस्त्रींच्या मुलाची, म्हणजे तिच्या नवऱ्याची. हात सोन्यासारखा होता पोराचा, पण पहिल्या शॉटला कच खायचा. निदान घरात तसं बोललं जायचं, आणि बोलणारे मिस्त्रीच. अकरा वर्षांपूर्वी त्यानं बंदूक कपाटात ठेवली आणि पुन्हा रेंजवर पाऊल टाकलं नाही. बाळंतपणानंतर पुन्हा रेंजवर येताना सुनेनं ती बाहेर काढली आणि नवा सिलिंडर बसवला. बाकी आतलं सगळं मिस्त्रींच्या हातचं, जसंच्या तसं. आजही मुलगा घरी बाळाला सांभाळत होता. स्पर्धेचा विषय निघाला की तो नेमका दूध गरम करायला उठायचा.

दुरुस्तीच्या खोलीत मिस्त्रींनी बंदूक वाळूच्या पिशव्यांवर टेकवली, नळीसमोर छर्ऱ्याचा वेग मोजायचं यंत्र ठेवलं, आणि एकामागून एक दोन छर्रे सोडले. ते वहीत लिहिले नाहीत. पहिले दोन हवा बसायला, मग मोजणी, ही त्यांची काळ्या दगडावरची रेघ. रेंजवर जो जो बंदूक उघडायला शिकला, त्याला त्यांनी हे पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. त्यानंतरचे दहा आकडे त्यांनी मोठ्यानं वाचत लिहिले. एकशे चौऱ्याहत्तर, चौऱ्याहत्तर, पंचाहत्तर, पुन्हा चौऱ्याहत्तर.

"दहा शॉट, आणि सेकंदाला दोन मीटरचाही फरक नाही," वही तिच्यापुढे सरकवत ते म्हणाले. "यात खोट काढून दाखव."

तिनं वही पाहिली. "बरं," म्हणाली, आणि पडायला निघून गेली. भांडली असती तर मिस्त्रींना बरं वाटलं असतं. त्या ‘बरं’वर ते धुसफुसत कॅन्टीनमध्ये परतले, ताटातली गार भाजी चिवडत बसले, दोन कप चहा घेतला, आणि ऐकायला कोणी नव्हतं तरी मनातल्या मनात सुनेला चांगलं सुनावलं.

दीड वाजता ते बंदूक पेटीत भरायला आले. भरण्याआधी एक शेवटचा शॉट सोडायचा, ही त्यांची आणखी एक सवय. त्याआधी यंत्र बंद करायचं, हीसुद्धा. पण रागाच्या भरात मघाशी यंत्र चालूच राहिलं होतं. त्यांनी चाप ओढला, आणि काचेवर आकडा उमटला: एकशे शहाऐंशी.

यंत्र बिघडलं, हे त्यांच्या मनात पहिलं आलं. खापर फोडायला यंत्र बरं असतं, ते उलटून बोलत नाही. त्यांनी पुन्हा छर्रा भरला. एकशे चौऱ्याहत्तर. पुन्हा, एकशे चौऱ्याहत्तर. यंत्र ठीक होतं.

मग ते स्टुलावर बसले.

सिलिंडरमधल्या हवेचा दाब भयंकर असतो. रेग्युलेटर त्यातली थोडीशीच हवा मोजून पुढच्या छोट्या कप्प्यात सोडतो आणि तोंड घट्ट मिटतो. दर शॉटला तेवढीच हवा, म्हणून दर शॉटला तोच वेग. पण त्या तोंडाशी असलेलं सील झिजलं, तर नळाच्या खराब वायसरसारखं होतं. नळ बंद दिसतो आणि थेंब थेंब पाणी गळत राहतं. भराभर शॉट मारले तर गळायला वेळच मिळत नाही, सगळं झकास दिसतं. बंदूक वीस मिनिटं नुसती पडली की कप्प्यात जास्तीची हवा साठते, आणि पहिला छर्रा जोरात सुटून वर लागतो. सरळ वर, बाराच्या काट्यावर. आणि हा पहिलाच शॉट मिस्त्री बावीस वर्षं न लिहिता सोडून देत आले होते.

आतलं सील त्यांनीच, स्वतःच्या हातांनी घासून बसवलं होतं. कधी, ते आठवलं तसा त्यांनी तो विचार जोर लावून बाजूला सारला. आत्ता त्याला वेळ नव्हता.

नवं सील बसवायचं तर बंदूक पूर्ण उघडायची, आणि ते अंगवळणी पडायला शंभर-सव्वाशे शॉट तरी हवेत. फेरीआधी बंदुका तपासणारी खिडकी अडीचला बंद होणार होती. दुसरी बंदूक द्यावी, तर हिचा दस्ता सुनेच्या खांद्याला आणि गालाला सहा महिने घासून बसवलेला. म्हणजे बंदूक हीच, दोषासकट. मग दोष तरी नीट मोजायला हवा होता.

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि हात मांडीवर ठेवून तीन मिनिटं बसून राहिले. आयुष्यात इतकं अवघड काम त्यांनी केलं नव्हतं. शॉट: एकशे सत्त्याहत्तर. लगेच दोन शॉट मारून हवा सारखी केली, सहा मिनिटं थांबले. एकशे ऐंशी. मग दहा मिनिटं. बाहेरून कुणीतरी हाक मारली, त्यांनी ओ दिली नाही. एकशे त्र्याऐंशी. दर वेळी पुढच्या कागदावर छर्रा किती वर चढला ते पट्टीनं मोजलं आणि नेम धरायच्या मागच्या साइटची चकती किती क्लिक खाली फिरवायची ते कागदाच्या पाठीमागे लिहिलं. तीन मिनिटांना तीन, सहाला पाच, दहाला आठ.

आता तिला सांगायचं की नाही? पाऊण तासावर फेरी. अशा वेळी बंदुकीबद्दल शंका घालणं म्हणजे चालत्या माणसाच्या पायात काठी घालणं. न सांगावं, तर पहिला शॉट वर जाणार हे नक्की. आणि सांगून तिनं विश्वास तरी का ठेवावा? तीन महिने ती जे सांगत होती त्यावर यांनी कुठे ठेवला होता?

ती विश्रांतीच्या खोलीत बाकावर डोळे मिटून बसली होती. मिस्त्री समोर उभे राहिले. इकडचं तिकडचं बोलणं त्यांना जमतच नसे.

"चूक माझी आहे. बंदुकीत दोष आहे. तू म्हणत होतीस तोच. मी तो कधी मोजलाच नाही."

तिनं डोळे उघडले. चेहरा लाल झाला. "हे आत्ता सांगताय, बाबा?"

"आत्ताच कळलं."

"तीन महिने मला वाटत होतं, माझ्यातच काहीतरी तुटलंय." तिचा आवाज चढला, तिनं तो खाली आणला. "रात्री झोप नाही लागायची मला."

मिस्त्रींना तिच्याकडे बघवेना. त्यांनी कागद पुढे केला. तिनं तो दोनदा वाचला.

"खात्री आहे?"

"तीनदा मोजलं."

"पहिला शॉट धरून?"

"पहिलाच धरून."

तिनं कागदाची घडी केली आणि बंदूक उचलली. अडीचला दोन मिनिटं कमी असताना तपासणीचा शिक्का बसला.

सरावाचे शॉट संपले तेव्हा मिस्त्रींनी काचेमागून मनगटावरचं घड्याळ पाहिलं. आता आठही जणींची ओळख करून देणार, साधारण सहा मिनिटं. तोपर्यंत छर्रा भरायला बंदी, बाहेरून इशारा करायलाही बंदी. सुनेनं साइटची चकती फिरवली. मिस्त्रींनी तिच्या बोटांबरोबर मोजलं: पाच.

ओळख झाली. सहा मिनिटं झाली. हुकूम आला नाही.

कोण एक पाहुणे यायचे होते, ते जिन्यात होते म्हणे. सात मिनिटं. पाहुणे आले, त्यांना खुर्ची मिळेना. आठ.  तिकडे त्या छोट्या कप्प्यात हवा थेंबाथेंबानं चढत होती आणि पाच क्लिक आता कमी पडणार होते. तिच्या लक्षात आलं असेल का? काचेवर टकटक केली तर तिलाच बाद करतील. त्यांनी दोन्ही हात खिशात कोंबले. नऊ मिनिटं. पाहुण्यांनी हात हलवला. पाहुण्यांना जन्मभर पुरतील इतक्या शिव्या मिस्त्रींनी ओठ न हलवता दिल्या.

सुनेनं मान वळवून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग बोटं साइटवर नेली. एक, दोन, तीन.

"भरा," हुकूम आला.

शॉट सुटला. पडद्यावर आकडा यायला क्षणभरच लागतो. मिस्त्रींनी तो क्षण डोळे मिटून काढला आणि शेजारच्यांचा सुस्कारा ऐकून उघडले. दहा पॉइंट पाच. ती आकड्याकडे बघतही नव्हती. साइट आठ क्लिक परत वर घेत होती.

पुढचे नऊ शॉट तिचे स्वतःचे होते. त्यात मिस्त्रींचं काही नव्हतं. सातवा वाईट गेला, नववा सुरेख. ती दुसरी आली, तिसरीच्या दोन दशांश पुढे. कोच बाईंनी तिला मिठी मारली. त्यांच्या खांद्यावरून सुनेची नजर काचेमागच्या सासऱ्यांना शोधत होती. सापडल्यावर ती रडायलाच लागली, आणि मिस्त्रींनी नाक पुसायला तोंड फिरवलं.

मग ते दुरुस्तीच्या खोलीत आले, दार लावलं आणि मघाशी बाजूला सारलेला विचार समोर घेतला. ते सील त्यांनी बसवलं त्याला बारा वर्षं झाली होती. मुलानं बंदूक ठेवून दिली त्याला अकरा.

त्यांनी घरी फोन लावला. मागे बाळ काहीतरी आपटत होतं.

"ती संघात आली," ते म्हणाले.

"आली?" मुलगा ओरडलाच. "बाबा, खरंच?"

"आली. आणि ऐक. तिचा पहिला शॉट जायचा ना, तो तिचा दोष नव्हता. बंदुकीचा होता. माझ्या हातचा."

पलीकडे बाळाचं आपटणं थांबलं, बहुतेक मुलानं त्याला उचलून घेतलं होतं. मिस्त्री पुढचं वाक्य जुळवत होते.

"बाबा," मुलानं विचारलं, "बाराच्या काट्यावर?"