सात नंबरचा सिग्नल

त्या संध्याकाळी सहा नंबरच्या कॅरॅव्हॅनपुढे, म्हणजे चाकांवरच्या घरापुढे, एकतीस माणसे जमली होती आणि त्यांपैकी तिसांचे डोळे मिटलेले होते. एकतिसावा मी. आत टीव्हीच्या काळ्या पडद्यावर ‘सिग्नल नाही’ एवढे दोनच शब्द उमटले होते आणि पांढऱ्याशुभ्र झग्यातले तरंगबाबा दारात उभे राहून त्या दोन शब्दांवर भाष्य करीत होते.

“यंत्र काय म्हणतंय, वाचलंत ना? यंत्राला पोट नाही, म्हणून ते खोटं बोलत नाही. आकाशात तरंग आहेत, घरात तरंग नाहीत. मग मधे कोण उभं आहे?”

मधे उभे होते, बाबांच्या मते, त्या गाडीत राहणाऱ्या ड्रायव्हरआजोबांचे वडील. वारून बावीस वर्षे झालेले. आयुष्यभर बस चालवलेले आजोबा वडिलांच्या शेवटच्या आजारपणात घरी पोचू शकले नव्हते, हे सगळ्या मैदानाला ठाऊक होते. अर्थात बाबांनाही. बाबा आत वळले. टीव्हीशेजारच्या उंच कपाटाचे दार उघडले, निळ्या कापडाची एक पुरचुंडी त्यांनी आत ठेवली, दार लावले आणि दहापर्यंत अंक मोजले. माझे डोळे उघडे असूनही मला दिसली ती त्यांची पाठ. सातव्या अंकाला पडद्यावर चित्र आले. आजोबा लहान मुलासारखे रडू लागले.

ज्या चमत्काराला प्रेक्षकांच्या पापण्या मिटलेल्या लागतात, त्याचे पोट कशावर भरते हे सांगायला विद्वान नको. पण ते तेव्हा बोलून उपयोग नव्हता. रडणाऱ्या माणसासमोर तर्क मांडणे हे भुकेल्यापुढे पाककृती वाचण्यासारखे असते.

त्या मैदानात चौदा कॅरॅव्हॅन एका ओळीत उभ्या आहेत. सगळ्या एकाच कारखान्यात, एकाच साच्यातून निघालेल्या. तो कारखाना बंद पडल्यावर त्या हातोहात फिरत जुन्या बाजारातून इथे आल्या आणि चाकांखाली विटा लागून स्थिरावल्या. सात नंबरची माझ्या वहिनीची. दादाने आणि तिने मिळून घेतलेली. त्या संध्याकाळच्या आठ महिने आधी दादा गेला. वहिनीने मागच्या खिडकीशी शिलाई मशीन मांडले आणि ती मैदानाचे, रस्त्यापलीकडच्या वस्तीचे कपडे शिवू लागली. ती गाडी तिचे घर होती, दुकान होते आणि दादाच्या हातचे शेवटचे रंगकामही होते.

दादा गेल्यावर सहा महिन्यांनी तिने मला निरोप धाडला, की भाऊजी, टीव्ही घ्यायचाय, सोबत या. दुकानदार आम्हाला भिंतभर पडदे दाखवू लागला. वहिनीने पिशवीतून टेप काढला. कपाट आणि खिडकी यांच्यामधली जागा तिने घरूनच मोजून आणली होती: छप्पन्न सेंटिमीटर. दुकानदार म्हणाला, साठचा घ्या, थोडा इकडेतिकडे बसेल. ती म्हणाली, “छप्पन्नच्या छातीला साठचं झबलं शिवून दिलं, तर तुम्ही घालाल का?” बावन्न सेंटिमीटर रुंदीचा, चार किलोंहून हलका आणि गाडीच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर थेट चालणारा संच आम्ही निवडला. घरच्या विजेवरचा संच स्वस्त पडत होता. पण मग बॅटरीची वीज बदलून देणारे आणखी एक खोके बसवावे लागले असते, आणि त्या खोक्याने बॅटरीचे रक्त प्यायले असते.

बसवताना मी भिंत बोटाने ठोकून प्लायमागची लाकडी पट्टी शोधली आणि टीव्ही धरणारा लोखंडी हात तिच्यातच पेचांनी आवळला, कारण नुसत्या प्लायवर चार किलो वजन फार दिवस टिकत नाही. मशीनवर बसल्या जागेवरून पडदा दिसतो की नाही, हे वहिनीने तीन वेळा बसून पाहिले. छपरावरचा अँटेना टेकडीवरच्या मनोऱ्याकडे वळवला. चित्र लख्ख आले. मी मुद्रितशोधक आहे. छापलेला कागद वाचल्याशिवाय सोडत नाही. टीव्हीची सूचनापुस्तिका मी दोनदा वाचली. गाडीची मात्र एकदाही वाचली नाही, आणि पुढचे सगळे रामायण त्या आळसातून घडले.

त्या संध्याकाळच्या पंधरा दिवस आधी बाबा ‘घराचे तरंग तपासायला’ वहिनीकडे येऊन गेले. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर ‘सिग्नल नाही’. मी अँटेना फिरवला, तार बदलली, टीव्हीने पुन्हा वाहिन्या शोधून पाहिल्या. काही केल्या चित्र येईना. बाबांनी निदान केले, की दादाचा जीव गाडीत अडकला आहे. इतरांच्या अडचणीवर पुरचुंडीचा उतारा होता. इथे तो पुरणार नव्हता. गाडीच मोकळी करायला हवी. वहिनीने मुलाकडे राहायला जावे, गाडी बाबांच्या सेवेत द्यावी, म्हणजे दादाला वाट मिळेल. तीन आणि अकरा नंबरच्या गाड्या अशाच मोकळ्या झाल्या होत्या. त्यांत आता बाबांचे शिष्य ऐसपैस राहत. रविवारी सकाळी कागदांवर सही करायचे ठरले.

माझा पुतण्या हे मानून चुकला होता. त्याला आईची काळजी होती आणि काळजीला निमित्त हवेच असते. “काका, बाबांची तिला ओढ आहेच,” वडिलांबद्दल तो मला म्हणाला. “त्यात हे. ती इथं एकटी राहिली तर झुरून जाईल.”

शुक्रवारी मी वहिनीला बरेच सुनावले. सुशिक्षित बाई, मापात चूक न करणारी, आणि या थोतांडापुढे मान तुकवते? तिने हातातली विजार खाली ठेवली.

“भाऊजी, मला ठाऊक आहे की हे खरं नसणार. पण पंधरा दिवस मी त्या काळ्या पडद्याकडे बघत बसते. वाटतं, अडवणारा तोच असेल तर असू दे. निदान आहे तरी.”

मग मी उठून जे आधी करायला हवे होते ते केले. दादा कागद टाकून देत नसे. पलंगाच्या गादीखाली, विम्याच्या जुन्या पावत्यांबरोबर, गाडीची मूळ सूचनापुस्तिका सापडली. चौतिसाव्या पानावर, बारीक टंकात, एक परिच्छेद होता: छपरावरच्या अँटेनाने पकडलेला क्षीण संकेत वाढवण्यासाठी कपाटात, वरच्या फळीमागे, बूस्टर बसवला आहे. त्याचे बटण बंद असल्यास चित्र मिळणार नाही. चालू असताना हिरवा दिवा लागतो.

आम्ही कपाटातले कापडांचे गठ्ठे बाहेर काढले. फळीमागे काड्यापेटीएवढी डबी होती. दिवा विझलेला. मी बटण दाबले. हिरवा ठिपका उजळला, चार-पाच सेकंद गेले आणि पडद्यावर बातम्या वाचणारी बाई हसली.

वहिनी हसली नाही. तिने स्वतः बटण बंद केले, पडदा काळा झालेला पाहिला, पुन्हा चालू केले. असे चार वेळा. प्रत्येक वेळी ती दादाला थोडे थोडे सोडून देत होती, असे मला वाटले. मग तिचा चेहरा बदलला. तो चेहरा मी ओळखतो. उधारीवर कापड खपवायला येणारा व्यापारी तो पाहून पायरीवरूनच परततो.

मी आत्ताच ओळीने सगळी दारे ठोठावतो, असे म्हणून निघालो. तिने अडवले. “तुम्ही सांगाल बटण आहे. ते म्हणतील, बाबांच्या कृपेनं सापडलं. त्या बाबाचा हात त्यात होता, हे लोकांच्या डोळ्यांना दिसलं पाहिजे.” तिने मशीनच्या खणातून कापडावर खुणा करायचा गुलाबी खडू काढला, चाकूने खरवडला आणि ती भुकटी बोटाने बटणावर अलगद चोपडली.

रविवारी बाबा आले. मागे गर्दी, हातात कागद घेतलेला पुतण्या. टीव्ही चालू होता. वहिनी नम्रपणे म्हणाली, “चित्र आपोआप आलं हो. जीव सुटला असेल. मग गाडी द्यायची गरज नाही ना?”

बाबांच्या कपाळाला क्षणभर आठी पडली. मग ते करुणेने हसले. गेलेला माणूस असा फसवतो, जाता जाता मागे वळतो. आपण त्यालाच विचारू. सर्वांनी डोळे मिटावेत, कारण उघड्या डोळ्यांना तरंग बिचकतात. कपाटाचे दार कुरकुरले. अंक मोजले गेले. डोळे उघडले तेव्हा पडदा काळा होता. गर्दीतून हुंकार उठला. पुतण्याने मान खाली घातली. बाबांनी सर्वांना पुन्हा डोळे मिटायला लावले, गेलेल्याची संमती मागितली आणि चित्र परत आले. संमती मिळाली होती. आशीर्वादासाठी त्यांनी उजवा हात उंच उभारला.

अंगठा गुलाबी होता. तर्जनीही.

कुणीतरी पुटपुटले, की ही गेलेल्याची खूण. बाबांनी हाताकडे पाहिले आणि ही संधी दवडली नाही. होय, खूणच, असे ते म्हणाले. वहिनी पुढे झाली. गळ्यातल्या टेपाशेजारी अडकवलेला खडू तिने काढला आणि त्या पांढऱ्याशुभ्र बाहीवर खांद्यापासून मनगटापर्यंत एक सरळ रेघ ओढली. रंग तोच.

“ही माझी खूण आहे,” ती म्हणाली. “जिथं कापायचं, तिथं मी करते.”

तिने कपाट सताड उघडले, फळी बाजूला केली आणि ड्रायव्हरआजोबांना आत बोलावले. आजोबांनी हिरवा दिवा पाहिला. त्यांनी बटणावर अंगठा टेकवला आणि बावीस वर्षांचा सगळा जोर लावून दाबला.

“अहो, हळू,” बाबा ओरडले. “असं दाबायचं नसतं. आतली पत्ती वाकते, मग डबीच बदलावी लागते.”

आजोबांनी सावकाश विचारले, “तुला रे कसं ठाऊक?”

पुढे चौकशीत कळले, की या महापुरुषाने नऊ वर्षे त्याच कारखान्यात कपाटे आणि बूस्टर बसवले होते. चौदा गाड्यांत बटण कुठे आहे हे जाणणारा तो मैदानातला एकमेव माणूस होता. ज्ञान त्याच्याजवळ खरेच होते; त्याने फक्त त्याचे दार आतून लावून घेतले होते. त्या क्षणी मात्र कुणी चौकशीला थांबले नाही. माणसे आपापल्या गाडीकडे धावली. कपाटे उघडल्याचे, गठ्ठे जमिनीवर पडल्याचे आवाज आले, आणि मग ओळीतले एकेक टीव्ही बंद होऊ लागले, चालू होऊ लागले. आपल्या घरचा पूर्वज आपल्याच अंगठ्याने हाकलता आणि बोलावता येतो, हे जो तो स्वतः करून पाहत होता.

पुतण्याने कागद फाडला नाही. त्याने तो आईला दिला. तिने त्यावर मापे उतरवली.

वाचकहो, मेलेल्यांवर माया करा. ती तुमच्या मनाची श्रीमंती आहे. पण कुणी त्या मायेचे भांडवल करून तुमच्या घरात शिरू लागला, तर डोळे मिटू नका. तो मिटायला सांगेल तेव्हा तर मुळीच नाही. कपाट उघडा, फळी काढा, चौतिसावे पान वाचा. तीन आणि अकरा नंबरच्या गाड्या त्यांच्या मालकांना परत मिळाव्यात म्हणून आमचा अर्ज अजून कचेरीत पडून आहे. आम्ही दर सोमवारी जाऊन विचारतो आणि विचारत राहू.

सात नंबरमध्ये टीव्ही चालू असतो. कपाटाचे दार वहिनीने बिजागरीसकट काढून टाकले आहे.