सव्वीस पॉइंट चार

दोंका ग्रीसमध्ये, कोमोतिनीत, एवांथियाबाईंच्या घरी राहून नऊ वर्षं त्यांची देखभाल करत होती. बाईंना जुना मधुमेह. रोज सकाळी बोट टोचायचं, आकडा वहीत लिहायचा, मग इन्सुलिन. एकदा बाईंची साखर एक्केचाळीसवर आली, डोळे फिरले, तेव्हा दोंकानंच गालात मध चोळून त्यांना शुद्धीवर आणलं होतं. तेव्हापासून शेजारपाजारचे तिला अर्धी डॉक्टर म्हणायचे.

शुक्रवारी दुपारी वडिलांचा, स्तामेनचा, फोन आला. तो आणि तिची आई वेल्का डोंगरापलीकडे, बल्गेरियात, कर्दझालीजवळच्या गावात राहत.

"तुझी आई दोन दिवस नुसती झोपून आहे. काहीतरी बरळते. सकाळी नर्स रक्त घेऊन गेली होती, आत्ता रिपोर्ट घेऊन आलो. गावातले डॉक्टर सोमवारी येणार."

"वाचा बघू."

"बरंच काय काय लिहिलंय. चष्म्याला तडा गेलाय माझ्या."

"साखर तेवढी सांगा, बाबा. ग्लुकोज."

"सव्वीस पॉइंट चार. पुढं बारीक अक्षरात काहीतरी..."

"ते राहू द्या. सव्वीस? नक्की?"

"सव्वीसच. खाली दोन रेघा मारल्यात."

"साखर पार उतरलीय तिची. घरात मध आहे ना? कोमट पाण्यात घाला आणि चमच्याचमच्यानं पाजा. दर पंधरा मिनिटांनी. गिळतेय का बघा."

"पाणी तर सारखं मागतेय."

"मग त्यातूनच द्या. मी निघालेच."

बाईंच्या मुलीला बोलावून घेऊन ती एका ओळखीच्या व्हॅनमधून निघाली. वाटेत तीनदा फोन केला. दोनदा स्तामेन म्हणाला, "घेतेय, घेतेय." तिसऱ्यांदा म्हणाला, "श्वास विचित्र चाललाय गं. धापा टाकतेय. मी अँब्युलन्स बोलावलीय."

ती कर्दझालीच्या हॉस्पिटलात पोचली तेव्हा वेल्काला नळ्या लावलेल्या होत्या. तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोड कुणी पाजलं?"

"मी सांगितलं. सव्वीस होती ना."

"तुम्ही ग्रीसमध्ये असता का?"

"हो."

"तिथं मिलिग्रॅममध्ये मोजतात, आपल्याकडे मिलिमोलमध्ये. सव्वीस पॉइंट चारला अठरानं गुणा."

दोंकानं मनात गुणाकार केला. पावणेपाचशे. एवांथियाबाईंचा आकडा तीनशेवर गेला तरी ती डॉक्टरांना फोन लावायची.

"मध दिला नसता तर... वाचेल ना ती?" तिला धड विचारताही येईना.

"उशीर आधीच झाला होता. मधानं भर पडली. किती, ते मला सांगता यायचं नाही."

रविवारी सकाळी वेल्का गेली.

मातीहून परत आल्यावर स्तामेन स्वयंपाकघरात बसला होता. "मीच पाजला. अर्धी बाटली संपवली. ती तोंड फिरवत होती, तरी मी पाजला."

"बाबा, चूक माझी. पुढची अक्षरं तुम्ही वाचत होतात, मीच थांबवलं." मग तिनं गुणाकारासकट सगळं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. उठून कोंबड्यांना दाणे टाकायला गेला तो अंधार पडेपर्यंत आत आला नाही. दुसऱ्या दिवशी ती निघाली तेव्हा तो तिची पिशवी फाटकापर्यंत घेऊन आला, पण बोलला नाही.

ती दर रविवारी फोन करायची. "बरा आहे," एवढंच उत्तर यायचं.

चाळिसाव्या दिवशी, आईच्या दिवसाला, ती रिवाजाप्रमाणे उकडलेल्या गव्हाचं ताट घेऊन घरात शिरली. आत्या स्तामेनला फैलावर घेत होती. "साखर वाढलेल्या बाईला मध? कुणी दिली ही अक्कल तुला?"

"मलाच वाटलं," स्तामेन म्हणाला.

चाळीस दिवस तो गावाला हेच सांगत आला होता, हे दोंकाला तेव्हा कळलं.

"ताट टेबलावर ठेव," तो तिला म्हणाला.

तिनं ठेवलं. "आत्या, त्यांना मी सांगितलं होतं. फोनवरून. आकडा मला कळला नाही."

आत्यानं तोंडावर रुमाल धरला. स्तामेन टोपी उचलून अंगणात गेला.

जेवणाच्या वेळी तो परत आला आणि दोंकापासून लांब, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसला. पाव कापला. एक तुकडा शेजाऱ्याच्या हातात देऊन म्हणाला, "हा तिच्याकडे सरकव."